पेद्रोनं फोडलेलं मौन

अमेरिकेत २००३पासून दरवर्षी १५ ऑक्टोबरला लॅटिनो एड्स जागृती दिन पाळतात. देशाच्या लोकसंख्येत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक, सुमारे एक पंचमांश. २०२२मधल्या अंदाजित नव्या एचआयव्ही संसर्गांत मात्र जवळपास एक तृतीयांश. विमा नसणं, भाषेची अडचण ही कारणं आहेतच, पण लाजेपोटी घरोघरी पाळलेलं मौन तितकंच घातक.

ते मौन पेद्रो झामोरानं फोडलं. हवानात जन्मलेला हा मुलगा १९८०मध्ये कुटुंबासोबत बोटीनं फ्लोरिडाला आला. सतराव्या वर्षी एचआयव्हीचं निदान झालं, आणि तो शाळाशाळांतून उघडपणे बोलू लागला. अमेरिकी काँग्रेससमोर त्यानं साक्ष दिली. १९९४मध्ये एमटीव्हीच्या ‘द रिअल वर्ल्ड’ या रिॲलिटी मालिकेमुळे एक समलिंगी, एचआयव्हीबाधित तरुण घराघरांत पोचला: हसणारा, वाद घालणारा, प्रेमात पडलेला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. प्रभावी संयुक्त औषधोपचार आले १९९६च्या सुमारास.

आज नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. वस्त्यांमधल्या आरोग्यसेविका, ‘प्रोमोतोरा’, हे स्पॅनिशमधून समजावतात. त्यांचा गौरव करायचा, तर त्यांच्या कामाला नियमित निधी द्यायला हवा.