फेरफार कोण तपासणार?

‘फेरफार’ हा शब्द खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावरचे एक नाव कमी होते, दुसरे चढते आणि जमिनीचा धनी बदलतो. म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये तजवीज आहे. फेरफाराची नोंद झाली की ती चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत टिपायची आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की धरायची. एवढी तजवीज असूनही वतनाच्या जमिनी कशा हातच्या गेल्या, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. चावडीवरचा कागद ज्याने वाचला नाही, त्याची हरकत घ्यायची वेळ टळून गेली.

आज अशीच एक फेरफार वही इंटरनेटवर आहे आणि तीत जमिनीची नव्हे, इतिहासाची नोंद होते. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला; मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, हे त्याचे तत्त्व. शाळेतले पोर प्रकल्पासाठी तेच वाचते, वार्ताहर घाईत तेच पाहतो, आणि प्रश्नांची उत्तरे देणारी नवी यंत्रेही याच मजकुरावर पोसलेली आहेत. तेथे जे लिहिले जाते, ते उद्या लोकांच्या तोंडी बसते.

या ज्ञानकोशात ‘अलीकडील बदल’ नावाचे एक पान आहे. कोणत्या लेखात, किती वाजता, कोणी बदल केला, किती मजकूर वाढला किंवा घटला, आणि करणाऱ्याने त्याचे कारण काय दिले, हे सारे तेथे ओळीने दिसते. ‘फरक’ या शब्दावर टिचकी मारली की जुना व नवा मजकूर शेजारी-शेजारी उभा राहतो. प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ वेगळा जपलेला असतो आणि चुकीचा बदल उलटवता येतो.

पण महसूल दप्तर आणि ही वही यांत एक फरक आहे, तो वकील म्हणून आम्हाला महत्त्वाचा वाटतो. येथे ज्याच्याविषयी लिहिले, त्याला नोटीस जात नाही. बहुतेक पानांवर कोणी प्रमाणित करण्याची वाटही पाहिली जात नाही. नोंद होताक्षणी ती जगाला दिसते. उलट, हरकतीला मुदतीची अट नाही आणि वकीलपत्रही लागत नाही. म्हणजे संरक्षण आहे, पण ते फक्त जागणाऱ्याला आहे.

कोणी जागे नसले तर काय होते? अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सिगेनथेलर हे एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी होते. मे २००५ मध्ये कोणीतरी त्यांच्यावरील लेखात घातले की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांच्यावर संशय होता. धादांत खोटे! तरी ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. सिगेनथेलर यांनी वृत्तपत्रात जाहीर लेख लिहिला, बोभाटा झाला, आणि डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नाव न नोंदवलेल्यांना नवे लेख सुरू करण्यास बंदी केली. नामांकित संपादकाची ही गत, तर ज्यांच्या बाजूने लिहिणाराच कोणी नाही त्यांचे काय?

शिवीगाळ पकडणारे स्वयंचलित प्रोग्राम आता आहेत. पण धोका शिवीचा नाही. समजा, २० मार्च १९२७ च्या महाडच्या प्रसंगाला कोणी ‘सत्याग्रह’ऐवजी ‘दंगल’ म्हटले; किंवा हल्ला कोणी केला ते वाक्य गाळले आणि कारणाच्या जागी ‘किरकोळ सुधारणा’ लिहिले. यंत्राला त्यात काय खुपणार? शब्द सभ्य आहेत, व्याकरण शुद्ध आहे. हा फेरफार ज्याला इतिहास ठाऊक आहे त्यालाच दिसेल. इंग्रजीत तर जातींविषयीच्या लेखांवर इतकी रणे माजली की २०१२ मध्ये त्यांच्यासाठी खास कडक नियम करावे लागले.

म्हणून ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी पाच-दहा लेख आपल्या देखरेखीच्या यादीत घ्यावेत आणि रोज पाव तास त्यांतील बदल वाचावेत, असे आम्ही सुचवतो. वाईट बदल दिसला तर संतापून तो पुन्हा पुन्हा उलटवत बसू नये. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा असे करणाऱ्यास रोखले जाते, आणि मग पुरावा असूनही आपणच बाहेर राहतो. चर्चापानावर आधार मांडावा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आपल्या घरांत आहेत. खंड आणि पृष्ठ क्रमांक दिला की प्रतिपक्षाची निम्मी ताकद तेथेच संपते.

हीच फूटपट्टी आपल्या माणसांनाही लावली पाहिजे. बाबासाहेबांच्या तोंडी बिनबुडाची वचने घालणारा, आकडे फुगवणारा, भक्तीने विशेषणे चढवणारा कार्यकर्ता प्रतिपक्षाच्या हाती कोलीत देतो. एक खोटी नोंद सापडली की शेजारच्या दहा खऱ्या नोंदी संशयित होतात, हे कोर्टात उभा राहणारा प्रत्येकजण जाणतो. आपल्या बाजूचा निराधार मजकूर आपणच आधी काढावा. मग दुसऱ्याचा काढताना हात थरथरत नाही.

आमच्या पूर्वजांना चावडीवरचा कागद वाचता येत नव्हता. त्यांचा इलाज नव्हता. आम्हाला वाचता येते. आता हरकत न घेणे हा आमचाच निर्णय ठरेल, आणि त्याचा जाब पुढची पिढी आम्हालाच विचारील.