बिऱ्हाड लोणंदला आलं, पत्ता मागेच राहिला

पुण्याहून लोणंदला बिऱ्हाड आणलं की गॅस, दूध आणि मुलांच्या शाळेची घाई असते. पत्ता बदलायचं मागे पडतं. मग कधी पॅन कार्ड हरवतं, दुसरं मागवलं जातं, आणि ते जुन्या खोलीच्या दारात जाऊन पोहोचतं. छापील कार्ड पॅनच्या नोंदीत असलेल्या पत्त्यावरच पाठवतात. म्हणून आधी पत्ता बदला, मग कार्ड मागवा.

पत्ता लिहायचा कसा

मु. पो. लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा, ४१५५२१. 'मु.' म्हणजे मुक्काम, 'पो.' म्हणजे आपलं टपाल वाटणारं पोस्ट. वाडीवस्तीवर राहत असाल तर ही दोन नावं वेगवेगळी लिहावी लागतात. 'ता. खंडाळा' वाचून बाहेरच्या माणसाला लोणावळ्याशेजारचं खंडाळा आठवतं, त्यामुळे जिल्हा कधीच गाळू नका. तालुक्याच्या गावाचा पिन ४१२८०२ आहे. तो लोणंदच्या पत्त्यात घालू नका.

नावांचा असा घोळ सुटावा म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे.

सुरुवात आधारपासून

आधारवरचा पत्ता बदलला की पुढची कामं सोपी होतात. भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं पुराव्यापाशी अडतं. स्टँप पेपरवर नोटरी करून भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हे त्यांना स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

आयकर आणि जीएसटी

पॅनमधला पत्ता आधारच्या ओटीपीवर ऑनलाइन बदलता येतो. नंबर तोच राहतो. आयकर पोर्टलवरच्या प्रोफाइलमधला पत्ताही उघडून तपासा. नोटीस ई-मेलवर येते हे खरं, पण टपालाने पाठवताना पॅनच्या नोंदीतला किंवा रिटर्नमधला पत्ता धरतात. तिथे ती गेली असेल तर 'मला मिळालीच नाही' हे म्हणणं टिकवणं अवघड जातं.

कांद्याच्या व्यापारासाठी गाळा इथे हलवला असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर मुख्य जागेतला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो.

पोस्टात

टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज जुन्या पोस्टात द्यायचा, लोणंदला नाही. ज्याच्या नावे टपाल येतं त्याची सही लागते. पोस्टातलं बचत खातं मात्र या अर्जाने हलत नाही, त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो.

आणि नव्या दारावर आडनावाची पाटी पहिल्याच दिवशी लावा. गल्लीत येणाऱ्या पोस्टमनला थांबवून नाव सांगा, मोबाइल नंबर द्या.