वसाहत राखणे म्हणजे काय?



‘उद्याननगर’ म्हटले की श्रीमंतांचे बंगले डोळ्यांपुढे येतात. मूळ कल्पना तशी नव्हे. १८९८ साली ती मांडणारा एबेनेझर हॉवर्ड हा साधा लघुलेखक होता. वस्तीला शहराच्या सोयी आणि खेड्याची हवा मिळावी, जमीन सर्वांच्या वतीने राखावी आणि तिची किंमत वाढली की तो वाढावा वस्तीच्याच कामी यावा, हे त्याचे सूत्र. १९०३ पासून इंग्लंडात लेचवर्थ हे नगर त्या सूत्राने वसू लागले.

आपल्याकडील जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईची दादर पारशी कॉलनी. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचा धोका दाखविला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे दादर-माटुंग्याची आखणी केली. ट्रस्टमधील अभियंते मंचरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांकरिता तेथे १०३ भूखंड मिळविले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, बेताच्या उंचीची घरे आणि लगत पाच उद्याने अशी ही वस्ती उभी राहिली. वाढाव्याचे सूत्र मात्र तेथे आले नाही, आणि आजच्या पेचाचे मूळ तेथेच आहे. जमीन सोन्याच्या मोलाची झाली की बुटके घर पाडून मनोरा बांधण्याचा मोह होतो.

२०१२ साली मुंबईच्या वारसायादीत दादर-माटुंग्याचे भाग घालण्याचे ठरताच अनेक रहिवाशांनी विरोध केला. त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही. जुन्या इमारतीचे भाडे फार कमी असते, त्यात मालक दुरुस्ती करीत नाही आणि गळते छत भाडेकरूच्या माथी येते. अशा वेळी ‘पाडू नका’ एवढाच हुकूम काढणे म्हणजे जतनाचा खर्च दुर्बळावर टाकणे होय. हुकूम हवा, पण त्याच्या जोडीला दुरुस्तीचा पैसाही हवा.

शिवाय राखावयाचे ते केवळ सज्जे आणि कमानी नव्हेत. घराघरांमधील मोकळी जागा हीच खरी सामाईक मिळकत. एकाने मनोरा चढविला तर ऊन, वारा, पाणी, रस्ता यांतील सर्वांचाच वाटा तो घेतो.

मुळशीकरांना जमिनीचे मोल शिकवावयास नको. १९२१ साली येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तरी जमीन पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. आज भूगाव-पिरंगुटकडे इमारती उभ्या राहत आहेत आणि कारखान्यातला कामगार भाड्याच्या खोलीत राहतो आहे. इमारत मागाहून दुरुस्त करता येते. बुजलेला ओढा आणि गिळलेले मैदान परत मिळत नाही. म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारा : घरे किती, हे नंतर, मोकळी जागा किती आणि ती कोणाच्या नावावर?