गोचीड निघाली बोटीने

बसा जरा ऐसपैस, कारण आजची गोष्ट गोचिडीची आहे, आणि गोचिडीला कधीच घाई नसते. तिची इवलीशी पिल्लं गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून महिनोन्‌महिने उपाशी बसून राहतात, आज नाही तर उद्या एखादं जनावर घासून जाईल या भरवशावर.

तर झालं असं की 1872 साली जावा बेटावरच्या बटाविया बंदरातून, म्हणजे आजच्या जकार्तामधून, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन गावी एक बोट गेली. बोटीवर काही वशिंडवाली गुरं होती आणि त्या गुरांच्या अंगावर, बिनतिकिटाच्या, गोचिडी होत्या. गुरांचं त्यात काही बिघडत नव्हतं, कारण ही गोचीड मूळची आशियाच्या आपल्याच बाजूची, आणि वशिंडवाल्या गुरांचा नि तिचा शेजार हजारो वर्षांचा. पण डार्विनच्या पलीकडच्या कुरणांत चरत होती विलायती वंशाची शॉर्टहॉर्न आणि हेरफोर्ड गुरं, मांसासाठी पोसलेली, अंगाने भरलेली, दाट केसांची, आणि ज्यांच्या खापरपणज्यांनीही ही गोचीड कधी पाहिली नव्हती अशी. गोचिडीला जत्रा भरल्यागत झालं. ही गोचीड पिल्लू म्हणून अंगावर चढली की तिथेच दोनदा कात टाकते, तिथेच लग्न उरकते, आणि तीन आठवड्यांनी रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळून पडते नि मातीत दोन-तीन हजार अंडी घालून मरते. आता तुम्हीच हिशेब करा. 1890च्या दशकात ती क्वीन्सलंडात पोचली, आणि तिच्या लाळेतून गोचीडतापाचे जंतूही गेले. ते तांबड्या पेशी फोडतात, जनावर लाल मुतायला लागतं आणि आडवं होतं.

हा ताप गोचिडीमुळे येतो हे कळलं कसं, तीही गंमत ऐकण्यासारखी आहे. तिकडे अमेरिकेत टेक्सासची लांबशिंगी गुरं उत्तरेकडे हाकत नेली, की ती स्वतः ठणठणीत असायची, पण ज्या वाटेने गेली त्या वाटेवरची गावची गुरं काही आठवड्यांनी पटापट मरायची. कुणी म्हणे त्यांच्या श्वासात विष आहे, कुणी म्हणे शेणात. काही गुराखी म्हणायचे की हे गोचिडीचं काम, तर शिकलेली मंडळी हसायची. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघा संशोधकांनी दक्षिणेतली गुरं आणवली, काहींच्या अंगावरच्या गोचिडी हातांनी एकेक वेचून काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या, आणि दोन्हींच्या सोबत उत्तरेकडची गुरं सोडली. वेचलेल्यांच्या सोबतची जगली, न वेचलेल्यांच्या सोबतची तापाने फणफणली. 1893मध्ये त्यांनी हे छापलं. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे या बाबतीत गुराख्यांचं म्हणणं डॉक्टरांच्या आधी खरं ठरलं म्हणायचं.

असो, ऑस्ट्रेलियाकडे परत येऊ. तिथल्या लोकांनी सोमलाच्या पाण्याचे हौद बांधले आणि गुरांना त्यातून पोहायला लावलं. काही वर्षं बरं चाललं, मग गोचीड सोमलाला सरावली. पुढे डीडीटी आलं, त्यालाही सरावली. पण मधल्या काळात, 1933 साली, तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने एक वेगळाच घाट घातला. अमेरिकेतून वशिंडवाली गुरं मागवली. त्यांना तिकडे ब्राह्मन म्हणतात, आणि ती कुठून आली म्हणाल तर आपल्याकडूनच. गीर, कांकरेज, ओंगोल, आणि आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतची कृष्णाकाठची जनावरं, या सगळ्यांच्या रक्तातून अमेरिकेने ती जात घडवली. म्हणजे बघा, वशिंडवाल्यांच्या पाठीवर बसून जे दुखणं गेलं, त्याचा उतारा साठ वर्षांनी वशिंडवालेच घेऊन गेले, तोही अर्ध्या जगाला वळसा घालून.

आता या गुरांच्या कातडीत असतं तरी काय? विलायती जनावराच्या अंगावर शंभर पिल्लं चढली तर पंधरा-वीस मोठी होऊन गळतात, वशिंडवाल्याच्या अंगावर मात्र एक-दोन, फार तर पाच. बाकीची बहुतेक पहिल्या दिवसातच संपतात. पिल्लाने सोंड खुपसली की तिथली कातडी खवळते, सुजते, खाजते, आणि जनावर जिभेने तिथे असं चाटतं की पिल्लू एक तर निसटतं नाही तर गिळलं जातं. संशोधकांनी काही गुरांना मान वळवता येऊ नये, जीभ पोचू नये अशी बंदिस्ती करून पाहिली, तर त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वाढल्या. आखूड, गुळगुळीत केसही कामी येतात, कारण तिथे दडायला जागा कमी. आणखी एक गोष्ट अशी की ही ताकद जन्मतः पूर्ण नसते. वासरू पहिल्या काही खेपांत गोचिडी सोसतं आणि मग त्याचं अंग शिकतं. कोणतं वासरू किती शिकेल, हे मात्र बऱ्याच अंशी आईबापांकडून येतं.

क्वीन्सलंडातल्या रॉकहॅम्प्टनजवळच्या बेलमाँट केंद्रात या संशोधकांनी वर्षानुवर्षं गुरं तोलली. खोड्यात जनावर उभं करायचं आणि त्याच्या एकाच बाजूच्या, साडेचार मिलिमीटरच्या पुढे फुगलेल्या, म्हणजे आज-उद्या गळून पडणाऱ्या माद्या मोजायच्या. सरकारी पगार घेऊन गोचिडी मोजत बसायचं, चेष्टा वाटते ना? पण त्यातून जे निघालं ते मला फार आवडतं. औषध मारून गोचीड आणि पोटातले जंत दोन्ही काढून टाकले, चारा चांगला दिला, तर विलायती वंशाचं जनावर ब्राह्मनपेक्षा भराभर वाढतं. औषध बंद केलं, उन्हात मोकळं सोडलं, की ब्राह्मन पुढे जातं. म्हणजे एकाच्या अंगात वाढायची खुमखुमी जास्त, दुसऱ्याच्या अंगात ती वाया न जाऊ देण्याची अक्कल जास्त. म्हणून तिथल्या शहाण्या पशुपालकांनी दोघांचा संकर केला.

आता तुम्ही म्हणाल, आपलं वशिंडवालं ते सगळ्यांत चिवट. थांबा जरा. पश्चिम आफ्रिकेत नेलंत तर तिथली त्सेत्से माशी चावते, रक्तात जंतू सोडते, आणि वशिंडवालं धिप्पाड जनावर झिजत झिजत मरतं. त्याच रानात एनडामा नावाची बुटकी, बिनवशिंडाची गाय रवंथ करत उभी असते. जंतू तिच्याही रक्तात शिरतात, पण ती त्यांना फार माजू देत नाही आणि तिचं रक्तही फारसं आटत नाही. नैरोबीच्या एका संशोधन संस्थेने एनडामा आणि वशिंडवाल्या बोरान गुरांचा संकर करून हा गुण कुठे लपलाय ते शोधलं, तर तो एका ठिकाणी नव्हताच, बऱ्याच जागी थोडा थोडा विखुरलेला निघाला. ज्या गुरांचा ज्या किड्याशी पिढ्यान्‌पिढ्या शेजार, त्याच्याशीच झुंजायची त्यांची तयारी. परक्या किड्यापुढे सगळी सारखीच भोळी.

आणि एकाच जातीतही सगळी सारखी नसतात बरं का. कळपातली मोजकी जनावरंच गोचिडींचा मोठा वाटा अंगावर वागवतात आणि रान पुन्हा बियाणाने भरून टाकतात. म्हणून ज्यांच्या दावणीला पाच-सहा गुरं आहेत त्यांना एवढंच सांगतो, की या पावसाळ्यानंतर फवारा मारण्याआधी एकदा प्रत्येक जनावराच्या एकाच बाजूच्या फुगलेल्या गोचिडी मोजा आणि भिंतीवर कोळशाने आकडे लिहून ठेवा. जिच्या अंगावर सगळ्यांत कमी निघतील, तिची कालवड बाजारात नेऊ नका.