लिफ्टच्या दाराचं लॉक, वायरलेस सेन्सर आणि तुमचा सर्व्हिस बिझनेस



वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गेलं की आपलं लक्ष भावाकडे असतं. कांदा काय चाललाय, हापूस किती उतरला. आज जरा लिफ्टकडे बघा. गोदामं, कोल्ड स्टोरेज, व्यापारी गाळे अशा ठिकाणी मालाची लिफ्ट दिवसभर गोण्या वाहते. जुन्या लिफ्टला हाताने ओढायचं चॅनल गेट असतं. समजा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पहिल्या मजल्याचं दार उघडलं. पाठीवर गोणी, मान खाली. समोर फळी आहे की पोकळी, हे कळेपर्यंत पाऊल पडलेलं असतं.

हे होऊ नये म्हणून प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक असतं. त्याची कामं दोन. लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू द्यायचं नाही, हे पहिलं. दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही, हे दुसरं. दुसऱ्या कामासाठी सगळ्या दारांचे कॉन्टॅक्ट एकामागोमाग एकाच वायरने जोडलेले असतात. एक जरी उघडा राहिला तरी सर्किट तुटतं आणि लिफ्ट थांबते. युरोपच्या ईएन ८१-२० मानकात तर लॉकची जीभ किमान ७ मिलिमीटर आत गेल्याशिवाय लिफ्ट सुरूच व्हायला नको, असं आहे.

मग बिघडतं कुठे? धूळ, ओल, हातगाडीचे धक्के. जीभ झिजते, कॉन्टॅक्ट काळा पडतो आणि लिफ्ट सारखी अडते. खाली टेम्पो उभा, माल अडकलेला. अशा वेळी कुणीतरी कॉन्टॅक्टवर वायरचा तुकडा टाकतो. जंपर! लिफ्ट पळायला लागते, सगळे खूश. पण आता दार उघडं असलं तरी ती पळणार, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

वायरलेसचा खरा उपयोग इथे आहे. प्रत्येक मजल्यावर बॅटरीवरचा छोटा डबा बसवायचा, त्यात दोन रीड स्विच. एक दाराचं लोहचुंबक ओळखतो, दुसरा लिफ्टच्या केबिनवरचं. केबिनवर हालचाल ओळखणारा एक सेन्सर. आता हिशोब सोपा आहे. दार उघडं आणि केबिन समोर नाही, म्हणजे लॉक गेलं. दार उघडं आणि केबिन पळतेय, म्हणजे कॉन्टॅक्ट खराब किंवा जंपर. लिफ्टच्या वायरिंगला हात न लावता चोरी पकडली की नाही?

रेडिओसाठी मी वायफाय घेणार नाही. लोखंड आणि काँक्रीटमध्ये त्याचा दम निघतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. लोरा त्यावर चालतं आणि बॅटरीही कमी खातं. मात्र भोंगा त्याच मजल्यावर, त्याच डब्यातून वाजला पाहिजे. मालकाच्या मोबाईलवर मेसेज येईपर्यंत माणूस थांबत नाही! आणि डब्याने ठराविक वेळाने ‘मी जिवंत आहे’ असा सिग्नल द्यायचा. सिग्नल आला नाही तर तो बिघाडच धरायचा, ‘सगळं ठीक’ नाही.

एक चूक करू नका. मूळ वायरचं सर्किट काढून त्याजागी वायरलेस बसवायचं नाही. तुमचा सेन्सर पहारेकरी आहे, कुलूप नाही. लिफ्टची दुरुस्ती अधिकृत कंत्राटदारानेच करायची. २०१७ च्या महाराष्ट्राच्या लिफ्ट कायद्यात परवाना आणि तपासणी दोन्ही आहे. म्हणून त्या कंत्राटदाराशी स्पर्धा नको, भागीदारी करा. त्याच्याकडे मेंटेनन्सची गिऱ्हाईकं आधीच आहेत, तुमच्याकडे सेन्सर आणि महिन्याचा रिपोर्ट.

डबा एकदा विकून पैसे एकदाच येतात. बॅटरी बदलणं, महिन्याची चाचणी, कुठल्या मजल्याचं दार किती वेळा चुकीचं उघडलं याची यादी, यासाठी महिन्याचे पैसे लावा. चार मजल्यांची लिफ्ट म्हणजे चार डबे, केबिनवर एक सेन्सर, वर एक रिसीव्हर. पहिली लिफ्ट ओळखीच्या गाळेधारकाची घ्या, महिनाभर फुकट चालवा. ती यादी त्याच्यासमोर ठेवा, मग भावाचं बोला.