सायकलवरचा स्वस्त तंबू : घ्यावा की ताडपत्रीच बरी?

दिवाळी सरली, भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की आमच्या पनवेल भागात शेतकरी घरातील तरुण मुलांना थोडी उसंत मिळते. गेल्या वर्षी अशाच दिवसांत माझा पुतण्या माझ्याकडे आला. तो कॉलेजात शिकतो आणि सुट्टीला शेतात राबतो. त्याला व त्याच्या मित्राला सायकलने पेण, अलिबाग, मुरूड करीत, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत जायचे होते. पाच दिवस, चार रात्री. लॉजचा खर्च झेपणारा नाही, तेव्हा सायकलवर बांधता येईल असा हलका तंबू घ्यावा, असे दोघांनी ठरवले होते. किंमत दोन हजारांच्या आत. "काका, तुम्ही बाबांना सांगा," एवढेच त्याचे मागणे होते.

त्याचे वडील म्हणजे आमचे दादा. दादांचे बोलणे नेहमीप्रमाणे रोखठोक. "दोन हजारांत डीएपीचे पोते येऊन वर पैसे उरतात. चार रात्रींसाठी कापडाचा तुकडा कशाला? घरात ताडपत्री आहे, ती न्या." मुलगा उठून गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पैशाचे सोड. पोरे उघड्यावर भुईला पाठ टेकणार, ते मला नको."

त्यांना काय आठवत होते ते मला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतला एक शेजारी भाताच्या राखणीला खळ्यावर झोपला होता. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला. साप कोणी पाहिला नव्हता, अंगावर खूण दिसत नव्हती. अपचन म्हणून ओवा दिला, मग कोणी देवऋष्याकडे चला म्हणाले. पापण्या मिटू लागल्या तेव्हा घाबरून गाडी काढली. त्याचे डोके दादांच्या मांडीवर होते. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. ती मण्यार होती. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही.

तंबू हा काही माझ्या शिक्षणाचा विषय नव्हे. परंतु शेततळ्याचे अस्तर, आच्छादनाचा कागद, हरितगृहाचे प्लॅस्टिक यांत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आहेत, आणि तंबू हा त्याच गोतावळ्यातला. म्हणून एका ओळखीच्या मुलाकडून तसाच स्वस्त तंबू दोन रात्रींकरिता मागून आणला आणि आमच्या कापलेल्या भाताच्या खाचरात ठोकला. पहिल्या रात्री मी आणि पुतण्या त्यात झोपलो. घरच्या मंडळींना हसायला एक निमित्त मिळाले.

ताडपत्रीचा हिशेब

प्रथम दादांची सूचना तपासू, कारण ती बहुतेक घरांत निघेल. ताडपत्री आपण जीएसएमवर घेतो, म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन. नऊ बाय बारा फुटांची ताडपत्री सुमारे १० चौरस मीटर भरते. २५० जीएसएमची असेल तर तिचे वजन अडीच किलो झाले. दोन माणसांचा स्वस्त तंबू काठ्या-खुंट्यांसह साधारण दोन ते अडीच किलोच असतो. म्हणजे वजनात ताडपत्री काही हलकी पडत नाही. तिला आधाराला दोन सायकली उभ्या कराव्या लागतात, दोरी लागते, आणि एवढे करूनही चारी बाजू उघड्याच. मच्छरदाणी निराळी न्या, खाली अंथरायला निराळे न्या. घरात आहे म्हणून फुकट, इतकाच तिचा गुण.

हलक्या तंबूची कल्पना नवी नव्हे. थॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक इंग्रज शिंपी १८९७ साली सायकलवर तंबू बांधून आयर्लंडच्या कोनेमारा भागात हिंडला, त्यावर त्याने पुस्तक लिहिले, आणि १९०१ साली सायकलवरून तंबूत मुक्काम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली तिच्या मुळाशी तोच होता. शिंपी असल्याने त्याने वजन कसे कमी करावे याचा विचार कातरी हातात घेऊनच केला. आपल्याकडे वारीत दिंडीच्या राहुट्या असतात, पण त्या जाड सुती कापडाच्या आणि ट्रकने जाणाऱ्या. सुती कापड भिजले की धागे फुगतात, विणीतील छिद्रे बुजतात आणि पाणी अडते. हे आजच्या पातळ पॉलिएस्टरला जमत नाही. त्याच्यावर लेप असतो, आणि लेप टिकेल तोवरच पाणी अडणार.

पाऊस आणि आतले पाणी

तंबूच्या चिठ्ठीवर १,००० किंवा २,००० मिलिमीटर असा आकडा असतो. पुष्कळांना वाटते, इतका पाऊस हा तंबू सोसतो. तसे नाही. त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तोवर कापड गळत नाही, असा त्याचा अर्थ. हजाराचा आकडा हलक्या सरीला पुरतो. जमिनीच्या कापडाला मात्र जास्त हवा, कारण ओल्या भुईवर गुडघा किंवा कोपर टेकले की तेवढ्या जागेवर दाब फार येतो.

स्वस्त तंबू गळतो तो बहुधा कापडातून नव्हे, शिलाईतून. महाग तंबूच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, स्वस्तात ती नसते किंवा अर्धवट असते. म्हणून घेतल्याबरोबर अंगणात उभा करावा आणि झारीने दहा-पंधरा मिनिटे पाणी घालावे. आम्ही तेच केले. दोन कोपऱ्यांत शिवणीतून थेंब आले. त्या जागी खूण करून, वाळल्यावर शिवणीला लावायचा लेप दिला. मेणबत्तीचे मेण घासूनही वेळ मारून नेता येते. फवारणीचा पंप कोणी वापरू नये, विशेषतः तणनाशकाचा. मुलाच्या अंथरुणावर ते नको.

तरीही पहाटे आम्ही दोघे दचकून उठलो, कारण छतावरून थेंब तोंडावर पडत होते. पाऊस नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, दव गळतेय, तंबू फसवा निघाला." ज्यांनी हरितगृह पाहिले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. पहाटे प्लॅस्टिक गार पडते आणि आतल्या हवेतील बाष्प त्याला खालून चिकटून थेंब होतात. तिथे आपण बाजूचे पडदे उघडतो. तंबूत बाष्प दोन माणसांच्या श्वासाचे आणि खालच्या ओल्या भुईचे. आमचा तंबू एकाच कापडाचा होता आणि मी गारठ्याला भिऊन खिडकीची फडकी बंद केली होती. दुसऱ्या रात्री पुतण्या त्याच्या मित्राबरोबर झोपला, तेव्हा जाळी तेवढी लावून फडकी उघडी ठेवायला लावली. थेंब पुष्कळच कमी झाले. ज्या तंबूला आत जाळीचे कापड आणि वर निराळे छत असते, त्यात हा त्रास आणखी कमी. तीन-चारशे रुपये जास्त पडले तरी दुहेरीच घ्यावा, असे माझे मत झाले.

पावसाळ्याचे विचाराल तर माझे उत्तर सरळ नाही असे आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबरात. आषाढाच्या झडीत दोन हजारांचा तंबू म्हणजे चाळण. त्या दिवसांत देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी गावकऱ्यांना विचारून मागावी.

खरी किंमत खालच्या बाजूची

पहिल्या रात्री सर्वांत उपयोगाची वाटली ती तंबूची भुई आणि दाराची चेन. तळाचे कापड चारी बाजूंनी वीतभर वर घेऊन भिंतीला शिवलेले असते. दाराला जाळी आणि चेन. ती पूर्ण लावली, की डास, विंचू, मण्यार यांना वाट उरत नाही. ताडपत्रीखाली हे कितीही केले तरी साधत नाही. म्हणून दुकानात मुलांनी वरचा रंग पाहू नये. आधी आत बसून चेन दहा वेळा उघडावी-लावावी. ती अडकत असेल, किंवा टोकाला बोटभर फट राहत असेल, तर तो तंबू कितीही स्वस्त असला तरी परत द्यावा.

कोकणात लाल विंचूचे भय थोडे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध आपल्या मुलावर वापरण्याची वेळ न येणे केव्हाही चांगले. बूट तंबूच्या आत ठेवावेत, सकाळी झटकून घालावेत. चेन फक्त झोपताना लावून भागत नाही, संध्याकाळपासून लावलेली हवी. दिवसभर दार उघडे राहिले तर जे बाहेर ठेवायचे तेच आत कोंडले जाते. साप चावल्याचा नुसता संशय आला, तरी सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. १०८ वर फोन करावा. ओवा, मंत्र, चिरा देणे, काही नको.

हे सगळे मी दादांना खाचरात नेऊन दाखवले. ते काही बोलले नाहीत. वाकून आत गेले, चेन लावली, बाहेरून मला म्हणाले, "हात घालून दाखव." मला घालता आला नाही.

जागेविषयी दोन शब्द. भाताच्या धसकटांवर तंबू ठोकू नये, तळाला भोके पडतात. आम्हाला एक पडलेच. जागा झाडून घ्यावी आणि खाली खताच्या रिकाम्या, धुतलेल्या गोण्या उसवून अंथराव्यात. कातळावर तारेच्या खुंट्या वाकतात, तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्यात. पुळणीत खुंटी धरत नाही, तेव्हा गोणीत वाळू भरून तिला दोरी बांधावी व ती पुरावी. किनाऱ्यावर भरतीने आणलेला कचरा जिथे रेघ धरून पडतो, त्याच्या बराच वर मुक्काम करावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी आणखी चढते. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात किंवा कुठल्याही वनखात्याच्या जागेत विनापरवाना तंबू टाकू नये. कोणाच्या बागेत टाकायचा तर मालकाला विचारावे. आपल्या बागेत कोणी न विचारता झोपला तर आपण काय म्हणू? तंबूत चूल, स्टोव्ह किंवा कासवछाप अगरबत्ती अजिबात पेटवू नये. हे कापड भडकते आणि वितळून अंगाला चिकटते. बंद जागेत धुराचा विषारी वायू कोंडतो तो निराळाच.

सायकलवर बांधताना काठ्या वेगळ्या काढाव्यात. स्वस्त तंबूच्या काचतंतूच्या काठ्यांचे तुकडे लांब असतात. आडवे बांधले तर कॅरियरबाहेर येऊन वाहनाला लागतात. सायकलच्या वरच्या दांड्याला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले की काम झाले. गोवा महामार्ग पनवेलपासूनच सुरू होतो आणि त्यावरची ट्रकची वर्दळ सांगायला नको. तेव्हा कॅरियरवरचा भार रुंद होऊ देऊ नये.

आता पैशांचे. वर्षात एक रात्र जायचे असेल तर तंबू मागून किंवा भाड्याने घ्यावा. प्रबळमाचीसारख्या ठिकाणी तर गावकरीच तंबू भाड्याने देतात. तीन-चार रात्री असतील, मोसम नोव्हेंबर ते मे असेल, तर दुहेरी कापडाचा, चांगल्या चेनचा दोन हजारांच्या आसपासचा तंबू घेण्यात काही चूक नाही. 'दोन माणसांचा' असे लिहिले असेल तर दोन माणसे तेवढी मावतात, सामान नाही. आठशे रुपयांचे, भुई नसलेले किंवा चेनऐवजी बंद लावलेले जे मिळते, ते मात्र घेऊ नये. त्यापेक्षा दादांची ताडपत्री आणि मच्छरदाणी बरी.

मुले डिसेंबरात जाऊन आली. एक काठी उभी चिरली होती, तिला पत्र्याची नळी बसवली. मुरूडला सकाळी घाईत तंबू ओलाच गुंडाळला म्हणून त्याला कुबट वास येत होता. असा ओला पडून राहिला तर लेप चिकट होऊन सोलतो. मी तो दोन दिवस पडवीत, सावलीला, दोरीवर टाकायला लावला. उन्हात नको, कारण ऊन पॉलिएस्टरला खाते. आच्छादनाच्या कागदाचे काय होते ते आपण पाहतोच.

तिसऱ्या दिवशी तो दोरीवर नव्हता. वालाच्या शेतात डुकरे येऊ लागली होती आणि दादा राखणीला जाताना तो काखेत मारून घेऊन गेले होते.