दूरस्थ विदागार आणि संग्रहित कार्यविधी : ‘नाही’ व ‘उत्तर मिळाले नाही’ यांतील भेद

पनवेलजवळील कामोठे हे गाव नवी मुंबईच्या उभारणीत सामावले गेले. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने तेथील शेतजमिनींवर वसाहत वसविली. पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली व कामोठ्याचा समावेश तिच्या हद्दीत झाला. परिणामी एकाच जागेसंबंधीची माहिती अनेक दप्तरांत विभागली गेली. सात-बारा व फेरफार महसूल खात्याकडे, दस्तांची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, भूखंडाचे वाटप सिडकोकडे, तर मालमत्ता कर महानगरपालिकेकडे. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याचा हक्क सिद्ध करावयाचा, तर मूळ खातेदाराचे नाव व वारसांची नावे निरनिराळ्या दप्तरांत एकमेकांशी जुळावी लागतात.

अशी दप्तरे संगणकावर स्वतंत्र विदागारांत, म्हणजे डेटाबेसांत, आहेत आणि एका विदागारातील कार्यविधीने दुसऱ्यास प्रश्न विचारावयाचा आहे, अशी कल्पना करावी. संग्रहित कार्यविधी, म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर, ही विदागारातच साठविलेली आज्ञावली होय. ती एकदा लिहिली की केवळ नावाने व काही मूल्ये देऊन पुनःपुन्हा चालविता येते. तिने स्वतःच्या विदागाराबाहेर पाहावयाचे, तर प्रथम परक्या सर्व्हरची ओळख नोंदवावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये या नोंदीस लिंक्ड सर्व्हर म्हणतात. ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक, तर पोस्टग्रेसमध्ये परकीय तक्त्यांची व्यवस्था हेच कार्य करते. पलीकडे कोणाच्या अधिकाराने प्रवेश व्हावयाचा, हेही या वेळीच ठरते. तो अधिकार केवळ वाचनापुरता असणे इष्ट.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रश्न पाठविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सर्व्हर, विदागार, विभाग व तक्ता अशा चौपदरी नावाचा. हा लिहिण्यास सोपा. परंतु निवड कोठे करावयाची हे स्थानिक यंत्रणा ठरविते. एक लाख नोंदींतून पाचच हव्या असतानाही प्रसंगी सर्व लाख नोंदी तारेवरून ओढल्या जातात. दुसरा मार्ग ओपनक्वेरीचा. यात प्रश्न जसाच्या तसा पलीकडे जातो व निवड तेथेच होते. मात्र त्यास चल मूल्य देता येत नाही, सर्व मजकूर आधीच स्थिर लिहावा लागतो. तिसऱ्या मार्गात आज्ञा नियोजित सर्व्हरवर चालविण्यास सांगितले जाते व प्रश्नचिन्हाच्या जागी मूल्ये भरता येतात. खातेदाराचे नाव दर वेळी बदलणार असेल, तर हाच मार्ग सोयीचा. नाव मजकुरात जोडून आज्ञा रचण्यातील धोकाही त्याने टळतो.

येथवरचा विचार यंत्रशास्त्राचा झाला. परंतु तुलना नावांची असल्याने प्रश्न भाषेचाही आहे. दोन सर्व्हरांचे वर्णानुक्रमाचे व तुलनेचे नियम एकच आहेत अशी हमी दिलेली नसेल, तर अक्षरांची तुलना स्थानिक यंत्रणा स्वतःकडेच करते. लाख नोंदी ओढल्या जाण्याचे हे एक प्रमुख कारण होय. त्याहून गंभीर बाब लेखनाची. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ऱ हे अक्षर एका सांकेतिक अंकाने लिहिता येते, किंवा र व नुक्ता अशा जोडीनेही. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एकरूप करते. परंतु हाच अर्धा रकार र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी साधला असेल, तर प्रमाणीकरणानेही तो एकरूप होत नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत : २००८ मध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले, तरी अ व चंद्र यांची जोडी त्याहून भिन्नच मानली जाते. डोळ्यांस नाव एकच दिसते, सांकेतिक अंकांची तुलना करणाऱ्या यंत्रास ती दोन नावे असतात. प्रश्न विचारण्यापूर्वी दोन्ही बाजूंस लेखनाचे एकच रूप निश्चित करणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

आता मुख्य मुद्दा. दूरस्थ प्रश्नाची उत्तरे दोन नसून तीन असतात : नोंद आहे, नोंद नाही, उत्तरच मिळाले नाही. तार तुटली, मुदत संपली किंवा अधिकार नाकारला गेला, तर तिसरी अवस्था उद्भवते. दोष झाकून रिकामा तक्ता परत करणारी कार्यविधी तिसऱ्या अवस्थेला दुसरीचे रूप देते. काही दोष आज्ञा सिद्ध होतानाच उद्भवतात व त्याच कार्यविधीतील दोषग्राहकास ते सापडत नाहीत. यावर उपाय असा की, दूरस्थ प्रश्न आतील स्वतंत्र कार्यविधीत ठेवावा आणि बाहेरील कार्यविधीने त्याचा दोष पकडून तो स्पष्ट शब्दांत नोंदवावा. दोन्हीकडे एकाच वेळी बदल करावयाचे असल्यास द्विस्तरीय मान्यतेची गरज पडते : आधी दोघांची तयारी, मग दोघांची कायम नोंद. केवळ वाचावयाचे असेल तेथे हा भार टाळणेच श्रेयस्कर.

‘नाही’ या शब्दाचे व्याकरण सोपे आहे. त्यामागील प्रमाण मात्र सोपे नसते. नोंद नसल्याचे विधान करण्यापूर्वी प्रश्न पोहोचला, नाव त्याच रूपात तपासले गेले व उत्तर पूर्ण आले, या तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. ज्याची शेतजमीन शहरासाठी गेली, त्याच्या वारसाला ‘आपले नाव नाही’ असे सांगताना एवढी काळजी यंत्राने आणि ते लिहिणाऱ्याने घेतलीच पाहिजे.